जर्मनीत मैदानात जाऊन फुटबॉल सामना बघायचा आहे : तिकीट, प्रवास, थंडी, पोरं-म्हातारे

रानजाई (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मुक्काम ड्युसेलडोर्फ. घरात नवरा, सात वर्षांचा फुटबॉलवेडा मुलगा आणि फेब्रुवारीत नाशिकहून येणारे सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पण "टीव्हीवर पुष्कळ झालं, आता खरं दाखवा" हा हट्ट कायम आहे. मुलाला डॉर्टमुंडच हवंय. क्लबच्या साइटवर कधीही जा, तिकिटं संपलेली. बाहेरच्या साइटवर तीच दोनशे-अडीचशे युरोला. मग लोक जातात तरी कसे? चार जणांना शेजारी शेजारी जागा मिळते का? थंडीचं काय? आणि पहिल्याच सामन्याला डॉर्टमुंड गाठावं की नाही?

उभा_प्रेक्षक
आधी 'संपली' म्हणजे काय ते बघू. डॉर्टमुंडच्या मैदानाची क्षमता ८१,३६५. त्यातली सुमारे ५५ हजार तिकिटं वर्षभराच्या डाउअरकार्टेवाल्यांची. साधारण १० टक्के पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना द्यावी लागतात, म्हणजे आणखी आठ हजार गेली. उरली अठरा हजार. क्लबचे सभासद दोन लाखांच्या वर. आधी सभासदांची विक्री होते, त्यातून काही उरलंच तर खुली विक्री. म्हणजे खुल्या विक्रीच्या दिवशी सकाळी दहाला लॅपटॉप उघडून बसणारा माणूस शिल्लक राहिलेल्या शिलकीसाठी बसलेला असतो.

खरा रस्ता क्लबच्या स्वतःच्या पुनर्विक्रीचा, म्हणजे त्स्वाइटमार्क्टचा. डाउअरकार्टेवाल्याला एखादा सामना जमणार नसला की तो आपली जागा तिथे टाकतो. किंमत मूळ दराच्या आसपास, वर थोडं शुल्क. या जागा शेवटच्या आठवड्यात सुटतात, जास्त करून सामन्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, कारण आजारपण आणि पाहुणे तेव्हाच ठरतात. महिनाभर आधी बघून निराश होऊ नका. मात्र हा रस्ता एकट्याचा, फार तर दोघांचा. चार जागा शेजारी सुटत नाहीत, कारण विकणारा एकेक असतो. दोन अधिक दोन घ्या, एक मोठा मुलाबरोबर आणि एक सासऱ्यांबरोबर.

काही क्लबांच्या पुनर्विक्रीतही सभासदांना अग्रक्रम असतो. दर वर्षी दोन-तीन सामने बघायचे असतील तर सभासदत्व घ्या, एकाच सामन्यासाठी नको. ते आपोआप पुढे चालू राहतं आणि रद्द करायची मुदत हुकली की आणखी एक वर्ष पैसे भरता.

सुपारी
बाहेरच्या साइटबद्दल जोडतो. गुगलवर क्लबचं नाव आणि 'टिकेट्स' टाकलं की सगळ्यात वर येते ती बहुतेक वेळा जाहिरात असते, क्लबचं दुकान नव्हे. पत्ता नीट वाचा. अडीचशे युरोचं तिकीट खोटंच असेल असं नाही, पण क्लबच्या अटींमध्ये चढ्या भावाने विकायला बंदी असते. असं तिकीट सापडलं की क्लब ते बंद करतो, दारावरचा स्कॅनर लाल होतो आणि विकणारा फोन उचलत नाही. आता तर बरीच तिकिटं मोबाइलवरच असतात आणि क्लबच्या अ‍ॅपमधूनच दुसऱ्याच्या नावावर करता येतात. कोणी पीडीएफ पाठवतो म्हणाला तर तिथेच नमस्कार करा.

पेठवाला_कोल्हापूर
नाद खुळा धागा! गुलाल आत नेता येतो का भावा?

उभा_प्रेक्षक
@पेठवाला, गुलाल नाही. धुराच्या नळ्या आणि फटाके कायद्याने बंद आहेत, तरी उभ्या स्टँडमध्ये पेटतातच. क्लबला दंड होतो. धूर दाटला तर पंच खेळ थांबवतो.

रेल्वेवेडा
प्रवासावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पैसे वाया जातात ते इथेच.

वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं, पण त्यात फक्त शनिवार-रविवारचा आठवडा कळतो. नेमका दिवस आणि वेळ लीग नंतर टप्प्याटप्प्याने ठरवते, काही आठवडे आधी. शुक्रवार २०:३०, शनिवार १५:३० किंवा १८:३०, रविवार १५:३० किंवा १७:३०, यांपैकी काहीही निघू शकतं. लोक ऑगस्टमध्येच शनिवारचं स्वस्त श्पारप्राइस तिकीट आणि हॉटेल काढून ठेवतात आणि सामना रविवारी जातो. त्या स्वस्त तिकिटाला ठरावीक गाडीचं बंधन असतं. वेळ पक्की झाल्याशिवाय लांब पल्ल्याची गाडी काढू नका.

रानजाईताई ड्युसेलडोर्फला असल्याने त्यांना हे लागू नाही. ऱ्हाइन-रुर भागातल्या बहुतेक क्लबांच्या तिकिटात सामन्याच्या दिवशीचा व्हीआरआरचा, म्हणजे या भागातल्या वाहतूक मंडळाचा, लोकल प्रवास धरलेला असतो. तिकिटावर व्हीआरआर छापलंय का ते बघा. छापलं असेल तर आरई, आरबी, एस-बान या लोकल गाड्या आणि ट्राम सगळं चालतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. डॉइचलांडटिकेटलाही, म्हणजे देशभरच्या लोकल प्रवासाच्या मासिक पासलाही, हाच नियम. घाईत आयसीईत चढलात तर तिकीट तपासनीस फुटबॉलप्रेमी असला तरी उपयोग नाही.

डॉर्टमुंडला मुख्य स्टेशनहून उ-बान (शहरातली मेट्रो) घ्या, किंवा आरबीने थेट मैदानाजवळच्या स्टेशनवर उतरा. येताना मात्र ८० हजार माणसं एकदम निघतात. पोलीस फलाटावर टप्प्याटप्प्याने सोडतात. शिट्टी वाजली की दोन पर्याय: सामना संपायच्या पाच मिनिटं आधी उठा (शेजारचे तिरकस बघतील), नाहीतर अर्धा-पाऊण तास आतच बसा. मधल्या वेळेत निघणारा सगळ्यात जास्त चेंगरतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुसराच पर्याय बरा. धडधाकट असाल तर शहराच्या मुख्य स्टेशनपर्यंत तीनेक किलोमीटर चालत जा, उ-बानच्या रांगेपेक्षा लवकर पोचाल.

म्युनिकवाल्यांनाही हेच. अलियान्झ अरेनाला उ-बानच्या उ६ मार्गाचं फ्रॉटमानिंग स्टेशन. परतीला तिथे तुंबलं की लोक पुढच्या कीफर्नगार्टनपर्यंत चालत जातात.

झ्युडट्रिब्यूने_भक्त
सगळं खरं, पण डॉर्टमुंडला जाऊन बसून बघणं म्हणजे काय? दक्षिणेच्या स्टँडमध्ये जवळपास २५ हजार माणसं उभी राहतात, युरोपात एवढा मोठा उभा स्टँड दुसरा नाही. निवेदक खेळाडूचं पहिलं नाव घेतो आणि आडनाव अख्खं मैदान ओरडतं. ते टीव्हीवर कळत नाही. तिकीटही स्वस्त, उभ्याचं १५ ते २० युरोच्या घरात. ताई, नवऱ्याला आणि मुलाला तिथेच पाठवा.

चिंगी
सात वर्षांच्या मुलाला? साफ चूक सल्ला. उभ्या स्टँडमध्ये जागेला नंबर नसतो, मुलापुढे सहा फुटी माणूस येणारच. गोल झाला की गर्दी दोन-तीन पायऱ्या खाली सरकते, म्हणूनच तिथे मधून मधून लोखंडी कठडे असतात. मोठे झेंडे सामनाभर हलतात, दिसत काही नाही. धूर वेगळा, वरून बिअर उडते ती वेगळी. स्टँडमधल्या अल्ट्रा गटांना, म्हणजे कट्टर पाठीराख्यांना, फोनने चित्रण केलेलं चालत नाही. मुलाचा व्हिडिओ काढायला गेलात तर फोन खाली ठेवायला सांगतील, तेही गोड शब्दांत नाही.

मुलांसाठी बऱ्याच मैदानांत फामिलियनब्लॉक, म्हणजे कुटुंबांसाठीचा भाग असतो. बसायच्या जागा, मुलांना सवलत आणि शेजारी शिवीगाळ जरा कमी. अगदी लहान मूल मांडीवर बसवायचं असेल तर काही क्लब शोसकार्टे, म्हणजे मांडीवरच्या मुलाचं तिकीट देतात. वयाची अट क्लबागणिक वेगळी असते. तिकीट नसलेलं मूल दारावर अडवलं जातं, मग ते कडेवर असलं तरी.

आणि कानांसाठी मुलांचे इअरमफ घ्या. गोलच्या वेळी आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. ठाण्याच्या गणपती मिरवणुकीत वाढलेल्या मोठ्यांना काही होत नाही, मुलांना होतं.

झ्युडट्रिब्यूने_भक्त
बरं बाई, मुलाचं मागे घेतो. नवऱ्याचं नाही.

उभा_प्रेक्षक
उभ्या स्टँडबद्दल एक: तासभर आधी जाऊन मधली जागा मिळत नाही. दारं साधारण दोन तास आधी उघडतात, तेव्हाच आत पाहिजे. बसायच्या जागेला तासभर पुरे. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या सामन्यांत पूर्वी उभं राहायला बंदी होती, तिथे आसनं बसवत आणि डॉर्टमुंडची क्षमता ६६ हजारांवर यायची. २०२२ पासून जर्मनीला त्यात सवलत मिळाली.

मँचेस्टरचा_पाऊस
इंग्लंडात हे सगळं उलटं आहे. प्रीमियर लीगमध्ये मोठ्या क्लबाचं सभासदत्व घेतल्याशिवाय तिकिटाच्या रांगेतही उभं राहता येत नाही. अधिकाराशिवाय तिकीट विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. बिअर आत मिळते, पण मैदान दिसेल अशा जागी नेता येत नाही, तो १९८५ चा कायदा. म्हणून मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत सगळे खालच्या बोळात बिअर ढोसतात. पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटाला मात्र ३० पौंडांची मर्यादा आहे, ते एक बरं.

आणि शनिवारी दुपारी तीनचा सामना तिथल्या टीव्हीवर थेट दाखवतच नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच प्रक्षेपण बंद. मैदान भरावं म्हणून.

सुपारी
म्हणजे भारतात बसून दिसतो आणि मैदानाशेजारच्या घरात दिसत नाही!

मँचेस्टरचा_पाऊस
अगदी तसंच.

पेठवाला_कोल्हापूर
शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघितलेल्या माणसाला हे पाहुण्यांचं प्रकरण शिकवायला नको. या पेठेचा झेंडा घेऊन त्या पेठेच्या बाजूला बसायचं नसतं, एवढंच. पण आम्ही परदेशी माणसं कुठल्याच पेठेची नाही, तर काय घालावं?

रेल्वेवेडा
@पेठवाला, प्रश्न गमतीचा नाही. पाहुण्या संघाचा शर्ट घालून यजमानांच्या उभ्या स्टँडमध्ये गेलात तर दारावरूनच परत पाठवतात. बसायच्या जागेवर बहुतेक ठिकाणी चालतं, पण डर्बीला, म्हणजे शेजारच्या प्रतिस्पर्ध्याशी सामना असेल तेव्हा नाही. डॉर्टमुंडला निळा आणि त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, शाल्कंच्या मैदानात पिवळा-काळा, एवढं टाळा, मग तुमचं स्वेटर ऑफिसचं असलं तरी. कोलोन, ग्लाडबाख आणि ड्युसेलडोर्फ यांचंही आपसात पटत नाही. काहीच कळत नसेल तर करडं जॅकेट.

चुकून पाहुण्यांच्या स्टँडचं तिकीट घेतलंत तर आणखी एक भानगड. जोखमीच्या सामन्यानंतर दोन्हीकडचे लोक रस्त्यात भेटू नयेत म्हणून पोलीस तो स्टँड काही वेळ बंद ठेवतात. शेवटची गाडी चुकते ती अशी. पुनर्विक्रीत एखादं तिकीट अचानक स्वस्त दिसलं तर नकाशावर 'गेस्टे', म्हणजे पाहुणे, लिहिलंय का ते आधी बघा.

रानजाई
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. बॅग किती मोठी चालते? सासरे शाकाहारी आहेत, त्यांचा डबा नेता येईल का? औषधं असतात.

चिंगी
बॅग ए-४ कागदाएवढी, बहुतेक मैदानांत हाच नियम. ऑफिसची पाठीवरची पिशवी चालत नाही. बाहेर सामानघर असतं, तिथे रांग लावावी लागते आणि परतताना पुन्हा तीच रांग. काचेची बाटली, डबा-कॅन, लांब छत्री, सेल्फी स्टिक, भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा हे सगळं दारावर काढून घेतात. पावसासाठी रेनकोट. औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. इन्सुलिन वगैरे असेल तर क्लबला आधी मेल करा.

पोळीभाजीचा स्टीलचा डबा नको, तपासणीवाल्याला ते हत्यार वाटतं. फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी बरेच ठिकाणी सोडतात, तरी ते त्या दिवशीच्या माणसावर अवलंबून. आत शाकाहारी म्हणजे ब्रेत्सेल आणि फ्राइज हमखास. काही मैदानांत व्हीगन सॉसेजही मिळतं, पण भट्टी तीच असते का ते विचारा. आजोबा कडक असतील तर घरूनच जेवून निघा.

सुपारी
पेल्यावर अनामत असते, साधारण एक-दोन युरो. मुलाच्या आनंदासाठी क्लबच्या चित्राचा पेला घरी न्यायचा असेल तर ती विसरा. आणि काही मैदानांत खाण्याच्या ठेल्यावर रोख घेत नाहीत. कार्ड ठेवा.

झ्युडट्रिब्यूने_भक्त
फेब्रुवारीच्या थंडीबद्दल कोणीच नीट सांगितलं नाही. थंडी वरून लागत नाही, खालून लागते. काँक्रीट दोन तास तळव्यातली ऊब ओढत राहतं. जाड मोजे एकावर एक घालून बूट घट्ट केलेत तर उलटंच होतं. रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. एकच लोकरी मोजा, आत फेल्टचं किंवा लोकरीचं सोल आणि बूट थोडा सैल. उभं राहणाऱ्यांनी पायाखाली जाड पुठ्ठा घ्यावा. बसणाऱ्यांनी घडीची फोमची गादी, ती ए-४ च्या आत मावते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सासऱ्यांना तिची गरज पडेलच. अंगात तीन पातळ थर, एक जाड नाही.

मँचेस्टरचा_पाऊस
+१. पायऱ्यांबद्दलही सांगा कोणीतरी.

उभा_प्रेक्षक
पायऱ्यांचं महत्त्वाचं आहे. जुन्या-नव्या सगळ्याच मोठ्या मैदानांचे वरचे मजले भयंकर उभे असतात आणि मधल्या वाटेला सगळीकडे कठडा नसतो. तिकीट काढताना नकाशात 'ओबर' किंवा वरचा टप्पा दिसला तर सासऱ्यांसाठी घेऊ नका. खालच्या टप्प्यातही पहिल्या पाच ओळी टाळा: जाहिरातीच्या पाट्या आड येतात, पलीकडचा गोल दिसत नाही आणि छपराबाहेर असल्याने पाऊस लागतो. पंधरावी ते पंचविसावी ओळ आणि वाटेलगतची खुर्ची. चालायला फार त्रास असेल तर क्लबच्या बेहिंडर्टनबेआउफट्रागटे, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या माणसाला लिहा. चाकाच्या खुर्चीची जागा आणि सोबत्याचं तिकीट तोच ठरवतो. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला विचारतात, नुसत्या गुडघेदुखीवर मिळत नाही.

रेल्वेवेडा
मूळ प्रश्नाकडे येऊ. ड्युसेलडोर्फला राहून पहिल्या सामन्यासाठी डॉर्टमुंडच्या मागे धावणं मला पटत नाही. घराशेजारी फोर्टुना हा ड्युसेलडोर्फचाच क्लब आहे. मैदानात ५० हजारांवर माणसं मावतात, त्यामुळे चार जागा शेजारी मिळायची शक्यता खरी आहे. मुख्य स्टेशनहून उ७८ ची उ-बान थेट दारात. आणि छप्पर बंद होतं! फेब्रुवारीत, सासरे आणि मूल बरोबर असताना, यापेक्षा काय हवं? दुसऱ्या श्रेणीच्या बहुतेक सामन्यांची वेळही सोयीची, शनिवारी १३:०० किंवा रविवारी १३:३०. मूल संध्याकाळी जेवायला घरी. संघ सध्या कुठल्या श्रेणीत आहे ते बघून वेळ तपासा.

याच क्लबाने २०२३ मध्ये काही सामने सगळ्यांना फुकट दाखवायचा प्रयोग केला, अर्ज करायचे आणि सोडत निघायची. पहिलाच सामना कायझर्सलाउटर्नशी, ०-३ ने मागे पडून ४-३ ने जिंकले.

झ्युडट्रिब्यूने_भक्त
मुलाला डॉर्टमुंड हवंय आणि तुम्ही फोर्टुना दाखवताय. माझी ना आहे. सात वर्षांच्या मुलाला पहिल्या दुसऱ्या श्रेणीतला फरक समजतो हो.

चिंगी
त्याला गोल समजतो. आणि दुसऱ्या श्रेणीला हलकं समजू नका. शाल्कं त्या श्रेणीत असतानाही साठ हजारांचं मैदान भरतं. हँबुर्ग २०१८ मध्ये खाली गेलं आणि २०२५ मध्ये वर आलं, मधली सात वर्षं लोक येतच राहिले.

शिवाय महिलांची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीतली पहिली श्रेणी, आहेच. लेव्हरकुसेन, कोलोन दोन्ही जवळ. तिकीट बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या सामन्यापेक्षा कितीतरी स्वस्त, मैदान लहान, खेळाडू अगदी समोर. सामन्यानंतर कठड्यापाशी येऊन मुलांना सह्या देतात. डॉर्टमुंडला ते स्वप्नच.

उभा_प्रेक्षक
दोघांचंही जमवता येईल. चौघांनी मिळून फोर्टुनाला जा. तिकीट खुल्या विक्रीच्या पहिल्या दिवशी काढा, समोर मोठा संघ नसेल असा सामना निवडा. मोठ्या संघांना वरून ज्यादा दर लावतात. डॉर्टमुंड नंतर, एप्रिलात, फक्त बाप-लेकाचं. त्या आठवड्यात बुधवारपासून पुनर्विक्री सकाळ-संध्याकाळ बघायची. समोर बायर्न किंवा शाल्कं असेल तर नाद सोडा. तळाच्या संघाविरुद्ध रविवारचा सामना असेल तर शक्यता सगळ्यात चांगली. चौतिसावा, शेवटचा आठवडा तर नकोच. पहिल्या श्रेणीचे सगळे सामने एकाच वेळी असतात, तळाचे दोघे थेट खाली जातात, सोळाव्याला आणखी एक फेरी. त्या दिवशी कोणी तिकीट सोडत नाही.

मुलाचं सवलतीचं तिकीट घेतलंत तर वयाचा पुरावा ठेवा. आणि पुनर्विक्रीत सवलतीचं तिकीट मोठ्या माणसासाठी घेतलं तर दारावर फरक भरावा लागतो; त्याची खिडकी वेगळी आणि रांग मोठी.

सुपारी
तिकीट घरून निघतानाच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. मैदानाबाहेर हजारो फोन एकाच मनोऱ्यावर असतात, अ‍ॅप उघडतच नाही आणि मागची रांग शिव्या देते. चौघांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर चौघांनी एकाच दारातून जा. बॅटरी भरलेली असू द्या.

पेठवाला_कोल्हापूर
कोल्हापुरात फाटकावर ओळख सांगितली की झालं. इथे बॅटरी लागते म्हणा.

रानजाई
ठरलं, आधी फोर्टुना. सासऱ्यांना सांगितलं, त्यांचा एकच प्रश्न आला: मध्यंतरात बाहेर जाऊन चहा पिऊन परत येता येईल का?

रेल्वेवेडा
नाही. एकदा बाहेर पडलं की बहुतेक मैदानांत त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत. चहा आत मिळतो, पण गरम पाणी आणि पिशवी असाच. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी उठलात तर रांग नसते, स्वच्छतागृहाचीही नाही.